डबा असेल तर आत या

गेल्या महिन्यात आमच्या पिठाच्या गिरणीवर इंजिनेरिंग कॉलेजची चार पोरं आली. गळ्यात पट्टे, पट्ट्यात फोटो. एकाने मोबाईल काढला आणि सरळ माझ्या तोंडासमोर धरला. दुसरा म्हणाला, "काका, दोन मिनिटं बोला ना. आमच्या कॉलेजने नवीन पद्धत काढलीय. वर्गात बसून नाही, बाहेर जाऊन मशीन बघून शिकायचं."

"कुठलं कॉलेज?"

त्याने नाव सांगितलं.

"आणि पद्धत नवीन?"

"हो काका. यंदाच सुरू केली."

मी त्यांना हाकललं. मुलगा म्हणाला, "बाबा, पोरांनी तुमचं काय घोडं मारलं?" पोरांनी काही नाही केलं. पण ज्या कॉलेजने ह्याच गोष्टीपायी एका बाईला गेटाबाहेर घालवलं, त्या कॉलेजच्या पोरांनी माझ्याच गिरणीत उभं राहून मला सांगायचं, की ही आमची नवीन पद्धत? माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हणून लिहायला बसलो. मी चौथी शिकलेला माणूस आहे. लिहिताना चुकेन, पण खोटं लिहिणार नाही. कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

बाईंचं आडनाव तायडे. पहिलं नाव मी कधी विचारलं नाही. अकोल्याकडच्या, राहायला घाटकोपरला, एवढं मला ठाऊक. घरी कोण आहे, लग्न झालंय की नाही, ह्या चौकश्या आमच्या गल्लीतल्या बायकांनी केल्या, आणि त्यांनाही काही हाती लागलं नाही. अंगाने उंच, सावळ्या. सुती साडी, आणि पदर कमरेला असा आवळून खोचलेला की वाऱ्याची छाती नव्हती तो हलवायची. पायात पुरुषी चपला. हातात बांगडी नाही, घड्याळ तेवढं, तेही गिरणीत शिरताना काढून पर्समध्ये टाकायच्या. डोक्याला मोठा रुमाल. आवाज असा, की मोटार चालू असताना रस्त्यापलीकडच्या वाण्याला ऐकू जायचा. रागावल्या की अकोला बाहेर यायचा. "काय करून राहिला बे?" म्हणाल्या की पोरगा जागच्या जागी गार.

कापडगिरण्यांच्या संपानंतरच्या त्या वर्षांत अशी खाजगी कॉलेजं नुकती निघायला लागली होती. आमच्या मुलुंडातलं हे कॉलेज एका शाळेच्या वरच्या मजल्यांवर होतं. खाली पोरं पाढे म्हणतायत, वर इंजिनेर तयार होतायत. वर्कशॉप म्हणून मागे पत्र्याची शेड. तिच्यात एक लेथ मशीन होती, पण लाकडी खोक्यात. खोकं उघडायचं नाही असा हुकूम. कारण उद्घाटन व्हायचं होतं, आणि मंत्र्याला वेळ नव्हता. पोरांनी त्या खोक्याला टेकून डबे खायचे आणि मशीनचा धडा फळ्यावर शिकायचा. बाई तिथे मशीनचा विषय शिकवायच्या. बाईमाणूस मशीन शिकवते म्हणून आधी मीही हसलो होतो. पुढे का हसलो नाही ते येईलच.

पहिल्यांदा आल्या तेव्हा दुपार होती. दारात उभ्या राहून गिरणीच्या फिरत्या पट्ट्याकडे टक लावून बघतायत. मागे बायकांची रांग लागलेली.

मी विचारलं, "डबा कुठाय?"

"डबा नाही. बघतेय."

"गिरणी काय बघायची चीज आहे? डबा असेल तर आत या, नसेल तर रस्ता मोकळा करा."

तशाच वळून गेल्या. मला वाटलं, बरी जिरवली.

पुढच्या आठवड्यात आमची बायको माळ्यावरच्या खोलीतून खाली बघून ओरडली, "काय ओ, ह्यो काय मोर्चो इलो?" मी बाहेर आलो. गिरणीपासून पार कोपऱ्यापर्यंत पोरांची रांग, आणि प्रत्येकाच्या हातात डबा. पत्र्याचे, पितळेचे, एकाचा तर बेबी पावडरीचा. सगळ्यात पुढे तायडे बाई, स्वतःचा डबा कडेवर घेऊन.

"हे सगळं काय?"

"दळण," बाई म्हणाल्या. "तुम्हीच त म्हणाले होते, डबा असेल तर आत या."

आता सांगा, गिरणीवाल्याने दळण नाही म्हणायचं?

अशी ती शाळा सुरू झाली. दर आठवड्याला एक दुपार. बाईंचे नियम कडक. गिरणीत पेन काढायचं नाही. "हात मोकळे पाहिजेत आणि डोळे उघडे. लिहायला बसलास की बघणं बंद." रांगेत बायकांच्या मध्ये उभं राहायचं, पुढे घुसायचं नाही. उभं असताना मशीन बघायची, आणि आपल्या डब्याचा नंबर आला की एक प्रश्न विचारायचा. पुस्तकात उत्तर असलेला प्रश्न चालायचा नाही. तसा विचारला तर डबा घेऊन रांगेच्या शेवटी. पोरं रडकुंडीला यायची. घरी आई वाट बघतेय पिठाची, आणि हा तिसऱ्यांदा रांगेच्या शेवटी.

एकदा एक पोरगा चष्मा सारून म्हणाला, "मॅडम, इथे घर्षणामुळे जी शक्ती वाया..."

"घर्षण मला दाखव. कुठाय?"

"म्हणजे मॅडम, ते असतं..."

"असतं ते राहू दे. तुला दिसलं काय?"

पोरगा बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "पट्टा मधनंमधनं डाव्या बाजूला सरकतोय."

"हां! आता बोल."

त्यांचं एक वाक्य मला पाठ आहे. माझ्या बायकोलाही पाठ झालं होतं. "पाहिलं ते सांग. नाही पाहिलं ते विचार. तिसरं काही बोलू नको."

आणि एक उफराटी सवय. पोराने बरोबर उत्तर दिलं की बाईंचं तोंड वाकडं. "बरोबर आहे. पण कुणाकडनं ऐकून आलास?" आणि चुकलं की खूष. टाळी वाजवायच्या. "वा! आता मजा आली. सांग, असं का वाटलं तुला?" मी माझ्या मास्तराच्या छड्या खाल्लेला माणूस. चुकलं की मजा येते हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो. मला ते पटलं होतं असं नाही. पण जी पोरं कॉलेजात वर्ग चुकवून नाक्यावर कॅरम खेळायची, ती माझ्याकडे भर उन्हात पीठ अंगावर घेत उभी राहायची. हे मी पाहिलं, म्हणून सांगतोय.

शेंगदाण्याचा प्रकार सांगितल्याशिवाय बाई कळायच्या नाहीत.

त्या पोरांत संजय तांबे म्हणून एक होता. भांडुपचा. बाप कुठल्याशा कारखान्यावर रात्रीचा वॉचमन. पोरगा अंगाने काडी, बोलायला मुका म्हणा. त्याने एकदा डबा पुढे केला. माझा भाऊ दळायला उभा होता. तो कापडगिरणीतला, संपानंतर घरी बसलेला. त्याचं लक्ष कधी दळणात नसायचंच. त्याने न बघता डबा वर ओतला. आत शेंगदाणे! भाजलेले! ज्याने कधी गिरणी चालवलीय त्याला सांगायला नको. दगडात तेल सुटलं, लगदा झाला, दगड चोंदले, मोटार घुमायला लागली, पट्टा घसरून जळका वास. मी धावत जाऊन खटका पाडला आणि त्या पोराची गचांडी धरली.

"शेंगदाणे घालतोस? बापाची गिरणी आहे?"

"काका, घरात तेवढंच होतं," पोरगा कसाबसा म्हणाला. "महिनाअखेर आहे. मॅडम म्हणाल्या, डबा पाहिजेच."

मी हात उगारला. बाई मध्ये आल्या.

"मारू नका. आधी पोरांना बघू द्या."

"बघू द्या? माझी गिरणी बंद पडलीय, बाई!"

"पडलीच आहे ना? मग फुकट कशाला घालवता?"

असं कुणी बोलतं? मला इतका राग आला की मी बाहेर जाऊन ओट्यावर बसलो. आत बाईंनी दगड उघडायला लावले. सगळी पोरं वाकून बघतायत. एक हुशार पोरगा इंग्रजीत काहीतरी सांगायला लागला. बाईंनी त्याचा हात धरून दगडावर ठेवला. "बोट फिरव. काय लागतं?"

"गुळगुळीत."

"काल हाच दगड कसा होता?"

कुणालाच ठाऊक नव्हतं. इतके आठवडे येत होते, दगडाला कुणी हात लावला नव्हता. बाईंचा चेहरा असा उजळला, जसं काही लॉटरी लागली. मग त्यांनी पोरांना सोडा टाकून दगड धुवायला लावले, आणि मला आत बोलावून म्हणाल्या, "आता टाकी कशी लावायची ते दाखवा." टाकी लावणं म्हणजे छिन्नी-हातोडीने दगडाला परत खाचा पाडणं. मी म्हटलं, मी नाही दाखवत. तर स्वतः हातोडी उचलली. दोन ठोक्यांत अंगठ्यावर मारून घेतलं. "आई गं" नाही की काही नाही. तोंडात अंगठा घालून चोखला आणि परत ठोकायला लागल्या. शेवटी दगडाची वाट लागेल म्हणून मी उठलो. संध्याकाळपर्यंत पोरं आळीपाळीने ठोकत होती.

बाहेर बायकांची रांग पेटली. एक म्हणाली, "ओ मास्तरीण बाई, आज रात्री आमच्याकडे पोळ्या लाटायला तुम्ही येणार काय?"

बाई दगडावरून मान वर न करता म्हणाल्या, "येते ना. पण पीठ कुठाय?"

सगळी रांग हसली. मी नाही हसलो. माझी दुपार बुडाली होती. पण त्या दिवसापासून संजय तांबेला वाचा फुटली. दगड का चोंदतो, पट्टा का घसरतो, हे तो रांगेतल्या बायकांना सांगायचा. एका म्हातारीने त्याला सांगून ठेवलं होतं, "बाबा, मला सगळं समजलं, आता मला जाऊ दे."

कॉलेजात मात्र कुजबुज सुरू झाली. बाकीचे मास्तर त्यांना 'पीठवाली मॅडम' म्हणायचे. त्यांच्या पोटात का दुखत होतं ते मला बाईंनीच सांगितलं. कॉलेजात जर्नल म्हणून प्रकार असतो. प्रयोग करायचा आणि काय दिसलं ते त्याच्यात लिहायचं. इथे प्रयोगच नाही, मशीन खोक्यात. मग पोरं दुसऱ्या कॉलेजातल्या कुणाचं तरी जर्नल आणून उतरवायची. काचेखाली दिवा लावून आकृत्या गिरवायच्या. मास्तर सही ठोकायचा. जर्नल पुरं नसेल तर टर्म मिळत नाही, आणि टर्म नाही तर परीक्षेला बसता येत नाही. म्हणून सगळे उतरवायचे आणि सगळे खूष. बाई त्याच्यावर सही करत नव्हत्या. मला म्हणाल्या, "परब, अख्ख्या वर्गाची चूक एकाच जागी. एकच आकडा सगळ्यांचा चुकलेला. निदान चुकताना तरी स्वतःचं चुका ना बे!"

माझी एक जुनी गिरणी मागच्या पडवीत पडून होती. बाईंना ती कॉलेजच्या शेडमध्ये पाहिजे होती. पोरं ती उघडतील, जोडतील. मी म्हटलं, न्या, मला जागा मोकळी. त्यांनी प्रिन्सिपॉलला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, हे कॉलेज आहे, भंगारखाना नाही." विषय संपला.

आणि मग काही महिन्यांनी एका सकाळी दारात टेम्पो. कॉलेजच्या ऑफिसातला एक सफारी सूटवाला उतरला. "तायडे मॅडमनी सांगितलंय, ती जुनी गिरणी पाहिजे."

मला बरं वाटलं. म्हटलं, बाईंनी शेवटी करून दाखवलं. गिरणी चढवली आणि मीही टेम्पोत चढलो. सफारीवाला म्हणाला, "तुम्ही कशाला?" मी म्हटलं, "माझी वस्तू जाते तिथे मी जातो."

शेडमध्ये बघतो तर लगीनघर. लेथ खोक्याबाहेर, तिला झेंडूची माळ. बाजूला दोन मशीनी कुठल्याशा कारखान्यातून एका दिवसापुरत्या आणलेल्या, कारखान्याचं नाव रंगाने पुसलेलं. माझ्या डोळ्यांदेखत दोघांनी माझ्या गिरणीला हिरवा रंग मारला आणि वर इंग्रजी पाटी ठोकली.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

सफारीवाल्याने लांबलचक इंग्रजी वाचलं.

"म्हणजे काय?"

"म्हणजे मशीन."

दुसऱ्या दिवशी युनिव्हर्सिटीची कमिटी यायची होती. कॉलेजात काय काय आहे ते बघून मान्यता द्यायला. सफारीवाल्याने माझ्या अंगावर एक खाकी कोट टाकला. "उद्या हा घालून या. तुम्ही वर्कशॉपचे इन्स्ट्रक्टर."

मी कोट त्याच्या हातात परत दिला. "मी परब आहे. उद्याही परबच असणार."

तेवढ्यात बाई आल्या. हिरवी गिरणी बघून थबकल्या. "परब, हे तुम्ही दिलं?"

"तुम्ही मागितली म्हणून."

"मी नाही मागितली."

मग आम्हा दोघांनाही डाव समजला. बाई तडक प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये. दार बंद, पण बाईंचा आवाज दाराला जुमानणारा नव्हता. "ही मशीन इथेच राहणार असेल तर ठीक. परत जाणार असेल तर हे नाटक आहे." आतून प्रिन्सिपॉल गुळगुळीत काहीतरी बोलला. मग बाई: "मी खोटं सांगणार नाही. मला कुणी विचारलं नाही तर बोलणारही नाही. एवढंच जमेल." बाहेर आल्या तेव्हा चेहरा पांढरा. आणि त्या दिवशी अंगावर पीठ नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या शर्टातच जाऊन शेडच्या बाकावर बसलो. तीन साहेब आले. मागे चेअरमन, प्रिन्सिपॉल, सफारीवाला. पोरांना इस्त्रीचे कपडे घालून मशीनींपाशी उभं केलेलं. माझ्या गिरणीपाशी नेमका संजय तांबे. एक म्हातारा साहेब कंटाळून चालत आला, गिरणीला हात टेकवून उभा राहिला आणि विचारलं, हे काय आहे?

प्रिन्सिपॉलने पाटीवरचं इंग्रजी म्हणून दाखवलं.

"मुलाला बोलू द्या," साहेब म्हणाला.

संजयने बाईंकडे बघितलं. बाई जमिनीकडे बघत होत्या. मी बघितलं, मान वर केली नाही त्यांनी.

"सर, ही पिठाची गिरणी आहे."

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"कुणाची?"

"ह्या परबकाकांची. परवा इथे नव्हती."

"हे तू कशावरून म्हणतोस?"

"सर, रंग ओला आहे. तुमच्या बाहीला लागलाय."

साहेबाने बाही बघितली. हिरवीगार. शेडमध्ये असा सन्नाटा की खालच्या शाळेतले पाढे ऐकू यायला लागले. मग साहेब म्हणाला, "बरं. ही गिरणी आहे तर हिच्यावर काय शिकलास ते सांग." आणि संजय जो सुटला! पट्टा, दगड, शेंगदाणे, टाकी, सगळं. साहेबाच्या हातातला चहा गार झाला. शेवटी त्याने संजयच्या पाठीवर थाप मारली, "शाब्बास." माझी छाती अशी फुगली, म्हटलं, जिंकलो. बाई जिंकल्या.

कसलं काय. वर चेअरमनच्या खोलीत जेवणं झाली. श्रीखंडपुरी. कॉलेजला मान्यता मिळाली. त्या म्हाताऱ्या साहेबाला सगळं कळलं होतं, माझ्यासमोर कळलं होतं. कळून त्याने काय केलं? ड्रायव्हरला पाठवून रॉकेल मागवलं आणि बाही पुसली. माझा राग चेअरमनवर कमी आहे, त्याचा तो धंदा. माझा राग त्या बाहीवर आहे.

त्यानंतर काही दिवसांनी संजयचा बाप वॉचमनच्या गणवेशात माझ्या ओट्यावर येऊन बसला. रात्रपाळीला निघालेला. म्हणाला, "परबशेठ, पोराची टर्म अडवली. जर्नल कोरं म्हणून." बाई उतरवलेल्यावर सही करत नाहीत म्हणून अख्ख्या वर्गाची जर्नलं कोरी होती! बाकीच्यांची विचारलीसुद्धा नाहीत. एकट्या ह्याची विचारली. बाप टोपी मांडीवर ठेवून नुसता बसून राहिला.

बाई प्रिन्सिपॉलकडे गेल्या. सौदा असा ठरला: बाईंनी स्वतःहून नोकरी सोडायची, आणि संजयने आठवड्यात जर्नल पुरं करून दाखवायचं. मग त्याला टर्म. बाईंनी कबूल केलं. आणि संजयला सांगितलं, जा, कुणाचं तरी आण आणि उतरव.

मला हे कळलं तेव्हा मी त्यांना गिरणीच्या दारातच गाठलं.

"बाई, तुम्ही त्याला उतरवायला सांगितलंत?"

"सांगितलं."

"तुम्ही? मग शेंगदाण्यात माझी दुपार कशाला बुडवलीत?"

"परब, त्याचा बाप रात्रभर गेटावर उभा राहतो. माझा हट्ट खरा करायला त्याच्या पोराचं वर्ष घालवू?"

"कोर्टात जा. पेपरात द्या. भांडा ना!"

"भांडेन. निकाल लागेपर्यंत पोरगा कुठे बसेल? तुमच्या ओट्यावर?"

"घाबरलात तुम्ही."

बाई चवताळल्या. "हो, घाबरले! त्याच्यासाठी घाबरले. तुम्हाला काय होते बोलायला? तुमचं पोर नाही ते."

मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. मी अजून म्हणतो, त्या चुकल्या. त्या दिवशी उभ्या राहिल्या असत्या तर अख्खा वर्ग मागे उभा राहिला असता. मी राहिलो असतो. असं माझं मत आहे आणि मी ते बदललेलं नाही.

बाईंच्या शेवटच्या दिवशी मी माझी गिरणी आणायला कॉलेजात गेलो. सफारीवाला म्हणाला, "ती आता जात नाही. कमिटीला दाखवलीय. कॉलेजची म्हणून नोंद झाली."

"अरे, माझी गिरणी आहे ती!"

"पावती आहे?"

वीस वर्षं ज्या मशीनने माझं घर जगवलं तिची मी ह्याला पावती दाखवू? मी गेटावर उभा राहून अशा शिव्या घातल्या की खालच्या शाळेच्या बाईने खिडक्या लावून घेतल्या. तो आवाज ऐकून तायडे बाई जिना उतरल्या. मी त्यांच्याशी बोलत नव्हतो, त्याही माझ्याशी बोलल्या नाहीत. शेडमध्ये गेल्या, पान्यांची पेटी काढली आणि पोरांना हाक मारली. "चला रे. प्रॅक्टिकल. खोला ही."

पोरं तुटून पडली. प्रिन्सिपॉल धावत आला. "मॅडम, ही कॉलेजची प्रॉपर्टी आहे!"

"हो ना सर. कमिटीला तुम्हीच दाखवली. मग त्याच्यावर शिकवायला नको?"

पट्टा निघाला, पुली निघाली, मोटार, धान्याची पेटी, बोल्ट, वायसर. एकेक पोरगा एकेक वस्तू घेऊन गेटाकडे. कॉलेजच्या गेटावरच्या वॉचमनने हात आडवा केला. "मशीन बाहेर न्यायला पास लागतो."

"मशीन कुठाय?" बाई म्हणाल्या. "नीट बघ. सांग रे ह्याला, तुझ्या हातात काय आहे."

"पुली."

"काय करते?"

पोराने सांगितलं. वॉचमन बाजूला झाला. दुसरा आला, तिसरा आला. एकाला त्याच्या हातातला तुकडा कशाचा ते सांगता येईना. बाईंनी त्याला गेटातून परत पाठवला. "जा. कुठनं काढला ते बघून ये." आणि तो गेला! प्रिन्सिपॉल उभा, सफारीवाला उभा, मी बाहेर उभा, आणि तो पोरगा परत शेडमध्ये जाऊन बघून आला, तेव्हाच त्याला बाहेर सोडलं. असा वर्ग त्या कॉलेजात आधी झाला नसेल, नंतर तर नाहीच.

पहिल्या मजल्याच्या खिडकीत संजय तांबे दिसत होता. टेबलावर मान घालून जर्नल उतरवत होता. खाली एवढा गोंधळ, पण त्याने एकदाही बाहेर बघितलं नाही. बाईंनीही वर बघितलं नाही. मी दोघांकडे बघत होतो, आणि कुणाला शिव्या घालाव्या तेच मला समजेना.

शेवटी दगड राहिले. खालचा दोघांनी बांबूवर लटकवून नेला. वरचा जाड, उचलेना. बाई म्हणाल्या, "चाकासारखा उभा करा आणि ढकला." तसा तो दगड गेटातून बाहेर पडला, पोरं दोन बाजूंना, बाई पुढे. गल्ली संपली आणि मोठा रस्ता लागला. समोरून बस येत होती. बाई सरळ तिच्यापुढे जाऊन हात वर करून उभ्या राहिल्या. ब्रेक किंचाळले.

ड्रायव्हरने मान बाहेर काढली. "ओ बाई, मरायचंय काय?"

"दगड जातोय. घाई असेल तर उतर आणि हात लाव."

ड्रायव्हर काही उतरला नाही, पण बस थांबून राहिली. मागे हॉर्नवर हॉर्न. दगड डुगडुगत पलीकडे गेला. बस घाटकोपरच्या दिशेची होती. बाईंनी बघितलं, पर्स काखेत मारली आणि त्याच बसमध्ये चढल्या. साडीला हिरव्या रंगाच्या खपल्या, हाताला ग्रीस. मला वाटलं, खिडकीतून माझ्याकडे बघतील, काहीतरी म्हणतील. त्यांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि पोरांवर ओरडल्या, "अबे, आडवा नका पाडू! उचलता येणार नाही!"

बस निघून गेली. पोरांनी तोवर तो आडवा पाडलाच होता.